घरात वाळवी दिसली की आधी काय करायचं: शोधापासून बंदोबस्तापर्यंत

दाराच्या चौकटीवर मातीची रेघ दिसली की घरातलं एक माणूस ती झाडूनं पाडतं आणि दुसरं झुरळांचा स्प्रे शोधायला लागतं. दोघांनाही थांबवा. वाळवी कुठून येते आणि कुठवर पोचली आहे हे सांगणारी तुमच्या हातातली खूण म्हणजे ती रेघ. ती पुसल्यानं वाळवी जात नाही, नुसती दिसेनाशी होते. मग पेस्ट कंट्रोलवाला आल्यावर "इथेच कुठेतरी होती हो" एवढंच सांगता येतं.

आपल्याकडे घरांना लागणारी वाळवी बहुतेक वेळा जमिनीखालची असते. तिचं घरटं बाहेर असतं: अंगणात, जोत्याखाली, कंपाउंडमधल्या एखाद्या तोडलेल्या झाडाच्या बुंध्यात. घरात येतात ते मुख्यतः कामकरी. त्यांना दिसत नाही, आणि अंग इतकं नाजूक की उघड्या हवेत थोड्याच वेळात सुकून मरतात. म्हणून माती, लाळ आणि विष्ठा कालवून ते बोगदा बांधतात आणि त्याच्या आतल्या दमटपणात ये-जा करतात. तुम्हाला दिसलेली रेघ म्हणजे हा बोगदा. वारूळ करणाऱ्या वाळवीची राणी दिवसाला हजारो अंडी घालते, तेव्हा चौकटीवरचे शे-दोनशे कामकरी मेले तरी तिकडे कुणाला पत्ताही लागत नाही. (पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळांवर उगवणारी जी अळंबी लोक चढ्या भावानं घेतात, ती याच मंडळींनी जमिनीत जोपासलेल्या बुरशीची. बाहेर राहिली तर वाळवी काही वाईट नाही.)

थोडक्यात, आपल्याला किडे मारायचे नाहीत, त्यांची वाट बंद करायची आहे. पुढची सगळी कामं त्या हिशेबानं आहेत.

१. सगळं घर एकदा फिरून पाहा

हाताशी एक चांगला टॉर्च, चपट्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर, पेन्सिल आणि फोन ठेवा. टॉर्च भिंतीवर समोरून मारू नका, भिंतीला लावून तिरपा धरा. म्हणजे रंगाखालचे फुगवटे सावलीमुळे उठून दिसतात. जिथे शंका येईल तिथे पेन्सिलनं खूण करा आणि फोटो काढा. फोटोत तारीख राहते, ती पुढे वॉरंटीच्या वेळी उपयोगी पडते.

सुरुवात बाथरूमच्या दारापासून करा. वाळवीला लाकूड आणि ओल एकत्र लागते, आणि ही दोन्ही फ्लॅटमध्ये सगळ्यात आधी इथे सापडतात. चौकटीचे पाय फरशीत गाडलेले असतात, रोज पाणी उडतं, सांध्यातून ते आत मुरतं. खाली वाकून चौकटीचा तळाचा वीतभर भाग बघा. रंग बहुधा शाबूत असतो, आणि फसगत होते ती त्यामुळेच. वाळवी लाकूड आतून खाते आणि बाहेरचा पातळ थर तसाच ठेवते. स्क्रूड्रायव्हरची मूठ चौकटीवर वरपासून खालपर्यंत टकटक करत आणा. भरीव लाकडाचा आवाज एका ठिकाणी बदलतो, बद्द होतो. तिथे टोक हलकेच दाबा. ऑइलपेंटचा पापुद्रा फुटून टोक सहज आत गेलं, आणि आत उभ्या पन्हळी व त्यांत वाळलेली माती दिसली, तर शंका घ्यायला जागा राहिली नाही.

मग बाकीची घरफेरी. सिंकखालचं कपाट, त्यातही पाइप भिंतीत शिरतो ती जागा. भिंतीला टेकलेल्या वॉर्डरोबची पाठ, जी आपण कधीच बघत नाही. बॉक्सच्या पलंगाचा भिंतीकडचा कोपरा. स्कर्टिंग आणि भिंत यांच्यामधली फट. ज्या बाजूनं पाऊस झोडपतो तिकडच्या खिडकीची चौकट. स्विचबोर्डच्या मागची पोकळी, कारण वायरचे पाइप म्हणजे वाळवीसाठी तयार रस्ताच. पण बोर्ड स्वतः उघडू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. पोटमाळ्यावरची पुठ्ठ्याची खोकी उचलून त्यांचे तळ बघा. पुस्तकांच्या कपाटात खालच्या कप्प्यातली भिंतीकडची पुस्तकं काढून बघा. वाळवी कणा शाबूत ठेवून आतली पानं खाते, त्यामुळे समोरून रांग अगदी व्यवस्थित दिसते.

घर जुनं असेल, वाडा किंवा कौलारू, तर तुळया आणि वासे भिंतीत जिथे शिरतात ती टोकं तपासा. पाणी तिथेच झिरपतं. तुळई पोकळ वाजली तर पेस्ट कंट्रोलच्याही आधी जाणत्या मिस्त्रीला किंवा इंजिनिअरला दाखवा. तो प्रश्न तेव्हा किड्याचा उरत नाही, छप्पर टिकेल का याचा होतो.

तळमजल्यावर किंवा बंगल्यात राहत असाल तर बाहेरून जोत्याभोवती एक फेरी मारा. भिंतीला टेकून ठेवलेलं सरपण, जुन्या फळ्या, पालापाचोळ्याचा ढीग, भिंतीला चिकटलेला मातीचा वाफा, हे सगळं वाळवीला भिंतीपर्यंत आणून सोडतं. जांभ्याच्या चिऱ्याच्या उघड्या भिंतीवर मातीचा बोगदा पटकन नजरेत येत नाही, रंग सारखाच असतो. तिथे टॉर्च तिरपा धरण्याला पर्याय नाही.

२. ती वाळवीच आहे ना?

लाकडाजवळ पूड दिसली की आपण सरसकट वाळवी म्हणतो. बऱ्याचदा ती नसते, आणि चुकीच्या किड्यासाठी फरशीला भोकं पाडून घेण्यात पैसे जातात.

माती दिसली, म्हणजे बोगदा, चिखलाचे थर किंवा भिंतीवर मातीचे ठिपके, तर जमिनीखालची वाळवी. हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

लाकडाखाली खसखशीएवढे कोरडे, कडक, एकसारखे दाणे साचले असतील आणि मातीचा पत्ता नसेल, तर ती सुक्या लाकडातली वाळवी. किनारपट्टीच्या दमट हवेत ही जास्त आढळते. ती जमिनीशी संबंध न ठेवता त्या खुर्चीत किंवा कपाटातच राहते. दाणे म्हणजे तिची विष्ठा. भिंगातून पाहिलं तर दाण्याला सहा बाजू दिसतात. इथे फरशीत औषध सोडून काही उपयोग नाही. ती वस्तू वेगळी काढून तिच्यातच औषध भरावं लागतं, नाहीतर टाकून द्यावी लागते.

पिठासारखी मऊ पूड आणि लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं असतील तर तो भुंगेरा. बांबू, स्वस्त प्लायवूड, नवीन फर्निचरमधलं कच्चं पांढरं लाकूड यांत हा हमखास. वाळवी अशी गोल भोकं पाडून पूड बाहेर टाकत नाही.

राहिले पंखवाले. मृगाच्या आगेमागे पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे जमतात आणि सकाळी खिडकीखाली पंखांचा सडा पडतो. त्यांतले पुष्कळ वाळवीचे असतात, घरटं सोडून निघालेले नर-मादी. मुंग्यांनाही पंख फुटतात, म्हणून एक किडा नीट पाहा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर नाही, मिशा सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या. वाळवीचे किडे बाहेरून दिव्याकडे आले असतील तर घाबरायचं कारण नाही. दिवे मालवा, खिडक्या लावा, सकाळी झाडून टाका. मात्र खिडक्या बंद असताना घरातल्याच एखाद्या फटीतून ते निघताना दिसले, तर घरटं भिंतीत किंवा जोत्याखाली आहे असं समजा. त्या फटीवर लगेच पेन्सिलनं खूण करा.

३. चालू आहे की जुनी?

जुन्या घरांत मेलेले, रिकामे बोगदे कितीतरी असतात. तपासायची पद्धत सोपी आहे. बोगद्याच्या मधला बोटाच्या पेराएवढा भाग काढा, दोन्हीकडचा राहू द्या. लगेच पांढुरके किडे धावताना दिसले तर चालूच आहे. नाही दिसले तरी तसंच सोडा आणि दोन-तीन दिवसांनी बघा. फट ओल्या मातीनं बुजवलेली असेल तर वाहतूक सुरू आहे. तशीच कोरडी असेल आणि हातात भुसा झाला तर हा रस्ता त्यांनी सोडलाय. पण रस्ता सोडणं म्हणजे घर सोडणं नव्हे, म्हणून उरलेल्या खुणांवरही हाच प्रयोग करा.

४. तोपर्यंत काय करायचं, काय नाही

कागद हलवा. सातबारा, खरेदीखत, प्रमाणपत्रं, जुने अल्बम आधी बाहेर काढा आणि स्टीलच्या कपाटात किंवा झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. स्टीलचं कपाटही भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. वाळवी पत्रा खात नाही, पण भिंतीवरून आत शिरून कागदापर्यंत पोचते. लागलेली पुस्तकं बाहेर नेऊन झटका, उन्हात ठेवा, एकेक पान तपासून मगच परत आणा.

रॉकेल ओतू नका. वास गेला की परिणामही जातो, आणि प्लायवूडमध्ये मुरलेलं रॉकेल म्हणजे आगीला आमंत्रण. डांबराच्या गोळ्या, मीठ, व्हिनेगर, कापूर यांनी जमिनीखालची वाळवी हटत नाही. झुरळांच्या स्प्रेबद्दल माझं मत अधिक कडक आहे: तो मारल्यानं चार किडे मरतात, बाकीचे ती जागा टाळून भिंतीच्या आतून दुसरी वाट काढतात, आणि तुमच्या माहितीतला एक रस्ता हातचा जातो.

५. पाण्याचा बंदोबस्त

हे काम कंटाळवाणं म्हणून लोक औषधावर भिस्त ठेवतात. ओल तशीच राहिली तर वाळवी परत यायला कारण उरतंच. काही जातींना सतत ओल मिळाली तर जमिनीशी संबंध नसतानाही त्या वरच्या मजल्यावर तग धरतात. चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाळवी सापडली की लोकांना आश्चर्य वाटतं, त्यामागे बहुधा डक्टमधली गळती असते. सिंकचा वेस्ट पाइप, फ्लशची टाकी, गिझरचे जोड, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येणारी ओल, एसीच्या पाण्याची नळी कुठे सोडली आहे, हे सगळं बघून दुरुस्त करा. बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांत ग्राउट भरून घ्या. कुंड्या भिंतीला चिकटून ठेवू नका.

६. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावताना

जमिनीखालच्या वाळवीची ट्रीटमेंट स्वतः करायच्या भानगडीत पडू नका. औषध दुकानात मिळतं. ते किती, कुठे, कोणत्या खोलीवर सोडायचं हा अनुभवाचा भाग आहे. कीटकनाशके अधिनियम, १९६८ खाली अशा व्यावसायिकाला परवाना लागतो. तो दाखवायला सांगा. संकोच करू नका, जो नीट काम करतो तो लगेच दाखवतो.

काम कसं व्हायला हवं याची थोडी कल्पना असू द्या. बांधून झालेल्या इमारतींसाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ भाग ३. त्याप्रमाणे फरशी आणि भिंत यांच्या सांध्यालगत साधारण दर ३० सेंटिमीटरवर एक अशी १२ मिलिमीटरची भोकं पाडतात, प्रत्येक भोकात फार तर एक लिटर द्रावण सोडतात आणि भोकं बुजवतात. लाकडी चौकटींना भिंतीच्या सांध्याजवळ ६ मिलिमीटरची तिरपी भोकं पाडून आत औषध भरतात. बंगला असेल तर बाहेरून जोत्यालगत चर खणून तिथल्या मातीलाही औषध देतात. एखादा माणूस पाठीवर पंप घेऊन आला, अर्ध्या तासात दारं-खिडक्यांवर फवारा मारून बिल द्यायला लागला, तर ती वाळवीची ट्रीटमेंट नव्हे.

औषध कोणतं, हे नावानिशी विचारा. सध्या इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल जास्त वापरतात. वाळवीला यांचा वास येत नाही, ती त्यातून बिनधास्त जाते आणि अंगाला लागलेलं औषध चाटाचाटीतून इतरांपर्यंत पोचवते. म्हणून परिणाम दिसायला वेळ लागतो, पण पोचतो तो दूरवर. बायफेन्थ्रिनसारखी औषधं वाळवीला दूर ठेवतात. कुठे एक फट राहिली तर ती तिथून शिरते. ऑल्ड्रिन आणि क्लोर्डेन ही जुनी औषधं देशात बंद आहेत. "साहेब, जुनं स्ट्राँग औषध आहे माझ्याकडे" असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. डबा सीलबंद आणावा, तुमच्या समोर फोडावा आणि लेबलावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळावा. लेबलावर रंगीत चौकोन असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

वॉरंटी किती वर्षांची हे सगळे सांगतात. त्यात काय काय येतं ते कुणी सांगत नाही, ते लिहून घ्या. पुन्हा वाळवी आली तर फक्त त्या जागेला औषध देणार की सगळ्या घराला? मधल्या तपासणी भेटी किती? दर चौरस फुटावर असेल तर कार्पेट एरिया धरणार की बिल्ट-अप?

आणि भोकं पाडायच्या आधी पाण्याचे आणि विजेचे पाइप कुठून गेलेत ते त्यांना दाखवा. बाथरूमचं नूतनीकरण करताना मिस्त्रीनं पाइप लावले तेव्हाचे फोटो असतील तर ते आज सोन्यासारखे. टाइल्सना शक्यतो सांध्यात भोक पाडायला सांगा.

फ्लॅटवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिसऱ्या मजल्यावर फरशीखाली माती नाही, स्लॅब आहे, त्यामुळे तुमच्या घरात करता येतं ते चौकटी, फर्निचर आणि डक्टभोवतीचं काम. वाळवी ज्या वाटेनं वर आली ती तळमजल्यापासून सुरू होते. सोसायटीला लेखी पत्र द्या, खालच्या-वरच्या फ्लॅटवाल्यांना विचारा, आणि जोत्याभोवतीची व डक्टची ट्रीटमेंट सोसायटीच्या खर्चानं एकदम करून घ्या. एकट्यानं केलं तर वाळवी शेजारी जाते आणि फिरून येते.

७. ट्रीटमेंटच्या दिवशी

लहान मुलं, गरोदर बाई, दम्याचा त्रास असलेलं माणूस, कुत्रं-मांजर यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. ॲक्वेरियम हलवा, बायफेन्थ्रिन माशांना अत्यंत घातक आहे. ओट्याखालची भांडी, धान्याचे डबे दुसऱ्या खोलीत नेऊन झाका. फर्निचर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढून ठेवा, ऐनवेळी कामगारांना ओढायला लावू नका. कोकणात आणि गावाकडे विहीर घराला लागून असते. विहीर, बोअरवेल, जमिनीतली पाण्याची टाकी कुठे आहे ते आधी दाखवा आणि त्या बाजूच्या मातीत औषध सोडू देऊ नका. काम झाल्यावर खिडक्या उघडून पंखे लावा, फरशी पूर्ण सुकेपर्यंत आत जाऊ नका. औषध पोटात गेलं, किंवा मळमळ, चक्कर वाटली तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना दाखवायला डब्याचं लेबल बरोबर घ्या.

८. नंतरचे काही महिने

दुसऱ्या दिवशी वाळवी दिसली म्हणून औषध भेसळीचं होतं असा निष्कर्ष काढू नका. न हाकलणाऱ्या औषधाला काही आठवडे लागतात. या काळात त्या जागांवर दुसरा कुठलाही स्प्रे मारू नका, नाहीतर वाळवी औषध लावलेल्या वाटेनं जायचीच बंद होईल. बुजवलेल्या भोकांवर आणि चौकटीच्या पायांशी पाणी ओतून धुणं टाळा. पेन्सिलच्या खुणांवर पंधरवड्यानं, मग महिन्यानं, मग तीन महिन्यांनी टॉर्च घेऊन जा. त्यानंतर दर वर्षी दोन फेऱ्या, पावसाच्या आधी आणि पावसानंतर. दीड-दोन महिन्यांनीही नवा ओला बोगदा दिसला तर फोटो पाठवून लेखी तक्रार करा.

सुताराला वाळवी पूर्ण थांबल्याची खात्री झाल्यावरच बोलवा. पोखरलेली चौकट पुट्टी भरून रंगवण्यात अर्थ नाही. बाथरूमची असेल तर ती काढून ग्रॅनाइटची चौकट बसवा. पुन्हा लाकूडच हवं असेल तर सागाच्या गाभ्याचं घ्या. सागाचा बाहेरचा फिकट भाग वाळवी आनंदानं खाते, त्यामुळे "सागवान आहे" एवढं ऐकून पैसे मोजू नका, कापलेलं टोक बघा. प्लायवूड घेताना दुकानदार "वॉटरप्रूफ आहे" म्हणेल. पाणी न शिरणं आणि वाळवी न लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींबद्दल वेगळं विचारा आणि आयएसआयचा शिक्का बघा. बसवण्याआधी कापलेल्या कडांना आणि भिंतीकडच्या बाजूला लाकडासाठीचं वाळवीरोधक औषध लावून घ्या. सनमायका पुढून लागतो, वाळवी मागून येते.

९. नवं घर बांधत असाल तर

सगळ्यात स्वस्त ट्रीटमेंट जोतं भरतानाची. आयएस ६३१३ भाग २ प्रमाणे कोबा करण्याआधी जोत्याच्या मातीच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण द्यायचं असतं, आणि पायाच्या भिंतींलगतच्या मातीला भिंतीच्या दर चौरस मीटरमागे ७.५ लिटर. कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये ही ओळ असतेच असं नाही. ती घालून घ्या आणि त्या दिवशी साइटवर हजर राहा. पाऊस पडत असताना किंवा माती चिखल झालेली असताना हे काम करू देऊ नका, औषध मातीत मुरतच नाही. एकदा औषध दिलं की ती माती पुन्हा उकरायची नाही. नंतर प्लंबरनं पाइपसाठी चर खणला तर तेवढ्या भागाला परत औषध द्यावं लागतं. आणि जोत्यात भर टाकायच्या आधी आत उतरून बघा. सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या, झाडांची मुळं, सिमेंटच्या कागदी पिशव्या तिथेच पडून असतात आणि कामगार त्यांवरच मुरूम ओततात. ते सगळं वेचून बाहेर काढायला लावा, अर्ध्या दिवसाची मजुरी जाईल.